पाच तोंडांतला एक ‘ने’

तीर्थस्वरूप थोरल्या जाऊबाईंना,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले होते. पण वाकलेलं पत्रातून दिसत नाही म्हणून लिहून कळवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, परदेशात गेली आणि कणा ताठ झाला.)

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? जिन्याला कठडा बसवून घेतलात का? थोरल्या भावजींना कानातल्या नव्या यंत्राने आता सगळं ऐकू येतं, की अजूनही हवं तेवढंच येतं? (तो दोष यंत्राचा नव्हे असं मला पहिल्यापासून वाटतं. पण मी पडले धाकटी, मी कशाला बोलू?) आमचे हे मजेत आहेत. सकाळी फिरून येतात, भाज्या चिरतात आणि उरलेला वेळ खिडकीत बसून समोरच्या बांधकामावर देखरेख करतात. तिथल्या मुकादमाला त्याची कल्पना नाही, पण काम चोख चाललं आहे.

आता मुद्द्याचं. मागच्या फोनवर तुम्ही मला विचारलंत, “तिकडे दिवसभर करतेस तरी काय गं? ना भाषा येत, ना कुणाशी ओळख. भिंतीकडे बघत बसत असशील, दुसरं काय!” जाऊबाई, तो फोन सूनबाईच्या हातात होता आणि तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. त्यामुळे तुमची माझ्याविषयीची काळजी मी, तुमच्या धाकट्या भावजींनी, पुतण्याने आणि दारात सामान द्यायला आलेल्या माणसाने अशी सगळ्यांनी मिळून ऐकली. तेव्हा मी काही बोलले नाही. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. पण लिहायचं नाही असं तुम्ही कधी शिकवलं नाही, म्हणून लिहिते. जाऊबाई, मी नोकरी करते. आणि नुसती करत नाही. इथल्या सगळ्यात मोठ्या नाटकगृहाचा पडदा माझ्या शब्दाने चढतो, माझ्या शब्दाने उतरतो आणि माझ्या शब्दाने थांबतो. बसा आधी, आणि मग पुढचं वाचा.

आमच्या इमारतीच्या मागच्या गल्लीत नाटकगृहांचे पडदे शिवायचा कारखाना आहे. भिंतीला कान लावला की मशिनांचा आवाज येतो. (मी कान लावत नव्हते. उशी भिंतीकडे होती.) एके दिवशी त्याच्या काचेवर चिठ्ठी लागली. सूनबाईने वाचून सांगितलं की शिवणकाम येणारं माणूस पाहिजे. मी तशीच चप्पल घालून गेले. मालकीणबाईंनी एवढं मोठं जाड मखमलीचं थान माझ्यापुढे टाकलं आणि बोटाने कडा दाखवली. मी बसले. मखमल म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. दोन थर एकमेकांवरून असे घसरतात जसे दोन व्याही एकमेकांच्या बोलण्यावरून. पण मी त्यांना बोटांखाली दाबून शेवटपर्यंत सरळ नेलं. मालकीणबाईंनी पट्टी लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली, मग चष्मा लावून पुन्हा पाहिली, आणि म्हणाल्या, महिनाभर या, मग ठरवू.

कारखान्यात माझ्याखेरीज तिघं जणं आहेत. कापड कापते ती कात्रीबाई. ती ग्रीक आहे, आवाज खणखणीत, बोलताना कात्री हातात ठेवते त्यामुळे तिच्याशी वाद घालायला कुणी जात नाही. वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर आहे तो इस्त्रीदादा, कोरियन, माझ्याहून थोडा लहान, अत्यंत नम्र. फोनवरसुद्धा मान लववतो. आणि पडदे टांगायला, तुळयांवर चढायला, दोर ओढायला आहे तो उंच्या. तो हंगेरियन. (नाव माझ्या जिभेला वळत नाही. उंची पाहून मी ठेवलं ते नाव आता मालकीणबाईसुद्धा घेतात.) वयाने माझ्या मुलाएवढा म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. इथली भाषा नीट येते ती एकट्या मालकीणबाईंना. आम्ही बाकीचे ती बोलतो म्हणजे एका उसन्या छत्रीखाली चौघांनी उभं राहण्यातला प्रकार. प्रत्येकाचा एक खांदा भिजतोच. मग घाई झाली, कुठं बोट कापलं, दोरा तुटला, की जो तो आपापल्या भाषेत शिरतो.

तर पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. कात्रीबाईने मखमलीचा एक तुकडा कापून टेबलावर ठेवला होता. मी त्याला हात लावला आणि सवयीने मराठीतच विचारलं, “नेऊ?” ती म्हणाली, “ने!”

जाऊबाई, मी जागच्या जागी उभी. स्वच्छ, खणखणीत, ‘ने’! मला वाटलं, कान वाजले. पुढच्या तुकड्याला पुन्हा विचारलं, “हा नेऊ?” “ने, ने!” आणि वर मान डोलावली. मी उचलून इस्त्रीदादाकडे गेले. त्याच्याकडचं आधीचं कापड झालं होतं का ते विचारायला बोट दाखवलं. तो लवून म्हणाला, “ने.” म्हटलं, घ्या! हाही! बरं, फोनवर बोलतानाही त्याचं तेच चालू. “ने, ने, ने, ने.” म्हणजे घरीसुद्धा सराव करतो! फक्त त्याचा ‘ने’ कधी कधी मला ‘दे’ असा ऐकू यायचा. मग मी नेलेलं कापड परत आणून द्यायची, तो चकित होऊन माझ्याकडे पाहायचा आणि पुन्हा इस्त्री करायचा. एका कापडाला त्याने इतक्या वेळा इस्त्री केली की ते शेवटी उभंच राहायला लागलं.

त्या दिवशी जेवताना मी घरी सांगितलं की माझ्यामुळे अख्खा कारखाना मराठी शिकतो आहे. तुमचा पुतण्या काही बोलला नाही. (तो वडिलांवर गेला आहे. आश्चर्य वाटलं की नुसता घास हवेत थांबवतो.) सूनबाई म्हणाली, “आई, नक्की?” मी म्हटलं, नक्की म्हणजे काय, उच्चारसुद्धा शुद्ध! आमच्या ह्यांनी विचारलं, “एकच शब्द शिकलेत का?” मी म्हटलं, सुरुवात एकानेच होते. मग मी पुढचा धडा घेतला. ‘आण’. आठवडाभर शिकवला. पण ‘ने’ जसा पटकन आला तसा ‘आण’ काही येईना. कुणी काही आणेना. शेवटी मी मनाची समजूत घातली की ही जगाचीच रीत आहे. न्यायचं सगळ्यांना आधी येतं, आणायचं शिकवावं लागतं.

आणि माझा ऊर कसा भरून आला होता म्हणून सांगू! आपण हा शब्द इतका वापरतो की तो शब्द आहे हेही विसरतो. सुईने, दोऱ्याने, कात्रीने. घरात जे काही बरंवाईट होतं ते कुणाच्या ना कुणाच्या ‘ने’च होतं. (सासूबाईंचं मात्र ‘नी’ व्हायचं. ‘सासूबाईंनी’. त्यांच्यापुढे तो शब्दसुद्धा सावरून उभा राहायचा.) एवढासा शब्द, आणि दोन देशांच्या लोकांच्या तोंडी मी तो घातला, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

तिसऱ्या दिवशी उंच्याची शिडी झाली.

उंच्या कारखान्यातल्या उंच तुळईवर बसून नमुन्याचा पडदा बांधत होता. शिडी तुळईला टेकवलेली. मला माळ्यावरचे दोऱ्याचे रीळ काढायचे होते, म्हणून मी शिडीला हात लावला. नुसता हात हो. वरून उंच्या ओरडला, “ने!” मी वर पाहिलं. तो दोन्ही हात हलवत होता. “ने! ने! ने!” मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, दिसायला राकट, पण मन किती मोठं. स्वतःचं काम अर्धवट आहे तरी बाईमाणसाला म्हणतो आहे, ने, ने, आधी तू ने. मी त्याला हात जोडले, “भलं होवो रे बाबा तुझं,” म्हणाले आणि शिडी घेऊन गेले.

मी मागच्या खोलीत रीळ काढले, रंगांप्रमाणे लावले, तिथंच बसून डबाही खाल्ला. बाहेर ओरडाआरडा ऐकू येत होता, पण त्यात ‘ने’ होतं, म्हणून मला वाटलं सगळे उजळणी करताहेत. शिडी घेऊन परत येऊन पाहते तर उंच्या तुळईला दोन्ही हातापायांनी मिठी मारून लोंबकळलेला, खाली कात्रीबाई आणि इस्त्रीदादा मखमलीचं थान चार टोकांनी ताणून उभे, आणि मालकीणबाई रागाने लाल.

“शिडी कोणी नेली?” त्यांनी विचारलं.

“मी नेली,” मी म्हटलं. “तोच म्हणाला, ने.”

“मी म्हणालो, ने!” उंच्या शिडीवरून उतरता उतरता म्हणाला. 

“तेच म्हणते आहे ना मी!”

मालकीणबाईंनी मशिनं बंद करायला लावली आणि सगळ्यांना चहाच्या टेबलाभोवती बसवलं. त्या दिवशी नेमकी नाटकगृहाकडून रंगबाई आली होती. (ती जपानी. नव्या पडद्याचा रंग तिने ठरवला आहे. इतकी हळू बोलते की तिच्यापुढे आपण शिंकल्याचीही लाज वाटते.) तिलाही बसवलं. मालकीणबाई म्हणाल्या, “हा ‘ने’ काय आहे? एकेकाने सांगा.”

“हो,” इस्त्रीदादा म्हणाला. “आमच्यात ने म्हणजे हो. मोठ्यांशी बोलताना.”

“हो!” कात्रीबाई म्हणाली. “आमच्यातही हो. नाही म्हणायचं तर ओही.” आणि तिने हनुवटी वर करून दाखवली. (म्हणजे बघा, हो म्हणताना ‘ने’ आणि नाही म्हणताना जवळजवळ ‘ओके’! अशा घरात सून म्हणून जायचं म्हणजे काय होत असेल?)

“नको!” उंच्याने टेबलावर हात आपटला. “ने म्हणजे नको! करू नको! शिडीला हात लावू नको!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “आमच्यात ने म्हणजे घेऊन जा.”

मग रंगबाई कपातल्या चहाकडे पाहत हळूच म्हणाली, “आमच्यात वाक्याच्या शेवटी. आज छान ऊन आहे, ने. म्हणजे, आहे ना? मला वाटतं, तुम्हालाही वाटतं ना? असं.” थोडं थांबून ती म्हणाली, “झाडाच्या मुळालाही ने म्हणतात. आणि किमतीलाही.”

 पाच जणांचे पाच देश, पाचांच्या भाषांचं एकमेकींशी काही घेणं ना देणं, आणि सगळ्यांच्या घरात हाच एक टीचभर शब्द वेगवेगळा वेष करून नांदतो आहे. दोघांकडे होकार, एकाकडे नकार, एकीकडे लाडाने विचारणं आणि आपल्याकडे उचल आणि चालू लाग. आधी हसला तो उंच्या. लोंबकळलेला तोच, आणि हसलाही आधी तोच. मग कात्रीबाई इतकी हसली की तिने प्रथमच कात्री खाली ठेवली. मी हसले नाही. मला कळून चुकलं होतं की कारखान्यात कुणी मराठी शिकत नव्हतं. इतके दिवस मी एकटीच वर्ग घेत होते आणि वर्गात विद्यार्थीच नव्हते.

मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ‘ने’ हा शब्द कारखान्यात बंद केला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “हात चांगला आहे तुमचा. पण माणूस पडला असता. नाटकगृहाचा पडदा टांगून होईपर्यंत राहा. पुढचं नंतर बघू.” नंतर बघू म्हणजे काय ते कळायला भाषा लागत नाही, जाऊबाई. मी घरी कुणाला काही बोलले नाही. पण भिंतीकडे बघत बसायची वेळ आली तर तुमचा फोन कोणत्या तोंडाने घेऊ, हे मात्र मनात आलं.

पडदा तयार झाला तेव्हा तो उचलायला ट्रक लागला. गडद डाळिंबी मखमल, आतून दुहेरी अस्तर, आणि त्यातल्या मधल्या उभ्या शिलाया सगळ्या माझ्या. नाटकगृहात आम्ही सगळेच गेलो. तिथली पद्धत अशी: पडदा एका लांबलचक लोखंडी दांडीला बांधतात. दांडीला दोर, दोर वर छताजवळच्या कप्प्यांवरून येऊन रंगमंचाच्या कडेला एका चरखीला गुंडाळलेले. चरखी फिरवली की दांडी वर. चरखीवर इस्त्रीदादाला बसवलं, कारण त्याचे दंड भक्कम. वर छतालगतच्या फळीवर उंच्या. मध्ये कात्रीबाई, वरचं ऐकून चरखीवाल्याला सांगायला. कारण एकमेकांना ते दोघं दिसत नव्हते. रंगबाई पडद्याला खेटून उभी, मखमलीवरून हात फिरवत. मी दुसऱ्या टोकाला खाली बसून काठातल्या टाचण्या काढत होते. (मला मुद्दाम दोरांपासून लांब बसवलं होतं. माझ्या लक्षात आलं नाही असं त्यांना वाटलं.)

दांडी डोक्याच्या वर गेली, आणखी वर गेली, आणि वरून उंच्याची आरोळी आली. “ने!”

एका टोकाचा दोर कप्पीवरून सुटला होता. मला वर दिसत नव्हतं, पण आवाज त्या दिवशीच्या तुळईवरचाच होता. तो मी जन्मात विसरणार नाही. बंदीहुकूम कुणाला आठवतो हो अशा वेळी! कात्रीबाईने ऐकलं, ‘हो’. तिने चरखीकडे वळून खणखणीत सांगितलं, “ने!” इस्त्रीदादाने ऐकलं, ‘हो’. त्याने नम्रपणे उत्तर दिलं, “ने!” आणि जोरात फिरवायला लागला. उंच्याला वर काय ऐकू आलं? खालून दोघं ओरडताहेत, नको, नको! आणि दांडी तर चढतेच आहे! तो आणखी जिवाच्या आकांताने ओरडला, “ने! ने!” तसा खाली हुरूप आणखी वाढला. आणि या सगळ्यात पडद्यावर गाल टेकून रंगबाई आपल्याशीच म्हणत होती, काय रंग आला आहे, ने.

दांडी तिरपी व्हायला लागली. तिचं खालचं टोक बरोबर रंगबाईच्या डोक्यावर.

जाऊबाई, त्या नाटकगृहात त्या घटकेला प्रत्येकाच्या तोंडातला ‘ने’ म्हणजे काय हे ध्यानात असलेलं माणूस एकच होतं, आणि ते जमिनीवर टाचण्या वेचत होतं. मी उठले. (माझ्या कमरेचं तुम्हाला माहीत आहे. उठले म्हणजे काय ते तुम्हीच समजू शकता.) मनात आलं, ‘नको’ म्हणावं, पण ते कुणाला कळणार? इथल्या भाषेतला शब्द तर जिभेवर येईचना. तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं. “थांब!”

तुम्हाला आठवत असेल, आपल्या घरी मी दारातून हाक मारली की गल्लीच्या टोकाला खेळणारी पोरं, आपली आणि परकी, सगळीच घरी यायची. तोच आवाज. नाटकगृहाच्या भिंती आवाज मोठा करायलाच बांधलेल्या असतात. ‘थांब’ छतापर्यंत गेला आणि परत आला. कुणालाही अर्थ कळला नाही आणि सगळे थांबले. इस्त्रीदादाचे हात चरखीवर तसेच गोठले. मी पळत जाऊन (हो, पळत) त्याच्या हातांवर माझे हात दाबून धरले. दांडी तिरपी लटकली, पण पडली नाही. फक्त पडद्याचं एक टोक सुटून धप्पकन खाली आलं आणि रंगबाई त्याच्याखाली दिसेनाशी झाली.

आम्ही धावलो. मखमलीचा ढीग हलला. आतून बारीक आवाज आला, “बरंच जड आहे, ने?”

नखालाही लागलं नव्हतं तिला. चरखीचा एक फेरा अजून झाला असता तर मला हे पत्र लिहिता आलं नसतं. उंच्या खाली उतरला, सरळ माझ्याकडे आला, आणि एवढा धिप्पाड माणूस, माझे दोन्ही हात हातात घेऊन उभाच राहिला. त्याच्या तळव्यांची दोराने सालटं गेली होती.  मी त्यांवर नुसती फुंकर घातली. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि कात्रीबाई आधीच रडत होती, तिला कोण आवरणार?

मालकीणबाईंनी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं की ‘नंतर बघू’ आता बघून झालं. मी कायम. आणि हुकूम सोडला की यापुढे पडदा चढवताना जे शब्द वापरायचे ते माझे. का, तर माझी भाषा दुसऱ्या कुणालाच येत नाही, तेव्हा कुणाचा गैरसमज व्हायचा प्रश्नच नाही! मी लगेच ‘वर’ आणि ‘खाली’ दिले. तर उंच्या डोक्याला हात लावून बसला. म्हणे, त्यांच्यात वर म्हटल्यासारखं काहीतरी म्हटलं की ते ‘वाट बघ’ असं होतं. म्हणजे आम्ही वर म्हणणार आणि तो वर बसून वाट बघणार! मग ‘वर’ काढला. आता ‘उचल’, ‘सोड’ आणि ‘थांब’. ‘सोड’ म्हटलं की उंच्याला अजून हसू येतं, त्याला ते सोडावॉटर मागितल्यासारखं ऐकू येतं. पण हसत का होईना, सोडतो. इस्त्रीदादाला ‘थांब’मधला शेवटचा ‘ब’ जमत नव्हता. त्याने घरी आरशासमोर घोटला आणि एके सकाळी माझ्यासमोर लवून म्हणून दाखवला. या वेळी मात्र मी घरी काही सांगितलं नाही. सूनबाईला, तुमच्या पुतण्याला आणि ह्यांना सरळ पहिल्या खेळालाच घेऊन गेले.

जाऊबाई, काय सांगू! सगळ्या खुर्च्या भरलेल्या. झगझगीत कपडे, अत्तरं, कुजबुज. दिवे मंद झाले. आमचे हे म्हणाले, आता काय होणार? मी म्हटलं, ऐका. आणि त्या अंधारातून, रंगमंचाच्या कडेने, ग्रीक बाईच्या खणखणीत आवाजात आरोळी आली, “उचल!” आणि वरून हंगेरियन उत्तर आलं, “उचल!” आणि माझ्या शिलाया घेऊन तो डाळिंबी डोंगर सरसर वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नाटकातलंच काहीतरी आहे. आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिल्याचं मला आठवत नाही. तुमचा पुतण्या शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होता, “माझी आई. तो शब्द माझ्या आईचा आहे.” घास नव्हता तोंडात, म्हणून बोलला.

तर अशी मी दिवसभर भिंतीकडे बघत बसते. थोरल्या भावजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. तुम्ही औषधं वेळेवर घेत जा, आणि जिना चढताना माणूस सोबत घेत जा.

आपली,
धाकटी

ता. क. भावजींना पत्र वाचून दाखवाल तेव्हा पडद्याचं सगळं दाखवा, शिडीचं गाळा. ते मागचंपुढचं विसरतात आणि गावभर फक्त शिडीच सांगतील.

ता. क. दुसरा. पडदा सगळ्यांना आवडला, पण नाटकगृहाच्या लोकांना आता खालच्या काठाला रेशमी गोंडे हवे आहेत, पुढच्या नाटकाच्या आत. मालकीणबाईंनी विचारलं, कुणाला येतात? माझा हात आपोआप वर गेला. पहिल्या खेळाच्या टाळ्या अजून कानात होत्या, त्याचा परिणाम. मी तीन-चार करून पाहिले. ते गोंडे कमी आणि पावसात भिजलेल्या मांजराच्या शेपट्या जास्त दिसतात. आपल्या घरात गोंडा फक्त तुमच्या हाताला येतो, हे मी कधी म्हटलं नसेल, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मी मालकीणबाईंना सांगून टाकलं आहे की माणूस येतं आहे. तुमच्या पुतण्याने तिकिटाचं पाहिलं आहे. तुमची सुई तुम्हीच घेऊन या, इथल्या जाड असतात. भावजींचं म्हणाल तर आमचे हे त्यांना खिडकीत शेजारी खुर्ची देतील. बांधकाम मोठं आहे, दोघांना पुरेल.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाचा. मालकीणबाईंनी विचारलं, कोण येणार? आता ‘जाऊ’ला इथल्या भाषेत शब्दच नाही. मी खूप शोधला. शेवटी बहीण म्हणाले. त्यांनी विचारलं, मोठी की लहान? मला दोन्ही शब्द येतात हो, पण बाहेर पडला तो लहान. कात्रीबाईने टाळ्या वाजवल्या, इस्त्रीदादा लवला, आणि एकदा माणसं इतकी खूश झाल्यावर दुरुस्ती करणं मला बरं वाटलं नाही. उलट गोंडे तुम्ही माझ्याच हाताखाली शिकलात असंही बोलण्याच्या ओघात सांगून झालं. तेव्हा चार लोकांत असताना मला ‘बाई’ म्हणून हाक मारा, आणि काम सुरू करण्याआधी एकदा माझ्याकडे पाहा, विचारल्यासारखं. मी मान हलवेन. एवढं सांभाळून घ्या. परतीच्या विमानात बसलात की थोरल्या पुन्हा तुम्हीच.